टाचणवहीचं शेवटचं पान: छळ, स्वतःला इजा आणि कविता-चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात दर शनिवारी दुपारी आम्ही आठ-दहा जणं एका घराच्या माडीवर जमतो. कुणी वडगावचं, कुणी हिंडलग्याचं, एक काकू खानापूरहून रेल्वेनं येतात. लिहायचं, रंगवायचं, शिवायचं, मधे चहा. कुणावर घरात अत्याचार झालेत, कुणावर बाहेर, काहींनी स्वतःला इजा करून घेतलीय. मी मराठीची निवृत्त शिक्षिका. डॉक्टर नव्हे, समुपदेशकही नव्हे. लग्नानंतरची बारा वर्षं मीही मार खाल्लाय, तेवढीच माझी पात्रता. नवी माणसं येतात ती साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. माणसांचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेत.

आत्ता, या क्षणीच सहन होत नाहीये. कुठून वाचू?

वाचू नका, फोन लावा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर. सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. मारहाण चालू असेल तर ११२. बायकांसाठी १८१, अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८. जखम झाली असेल किंवा काही पोटात गेलं असेल तर कविता-बिविता राहू दे, कुणाला तरी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

ज्या वस्तूकडे हात जातो ती घरातल्या किंवा शेजारच्या विश्वासाच्या माणसाकडे देऊन या. ते जमत नसेल तर तुम्ही त्या खोलीतून उठा आणि माणसांत जाऊन बसा. उबळ चढते तशी उतरतेही. उतरेपर्यंत एकटं राहायचं नाही. हे पान उद्याही इथंच असेल.

कवितेनं खरंच बरं वाटतं, की नुसतं मनाचं समाधान?

मनाचं समाधान ही काही फालतू गोष्ट नाही. पण प्रश्न रास्त आहे.

१९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि तेव्हा आत काय झालं, ही दोन्ही अंगं ज्यांनी लिहिली त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं होतं. ही दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि मग पहिल्याच दिवशी रडू आलं की माणूस वही बंद करून टाकतो. पुढं या विषयावर खूप अभ्यास झाले. फायदा होतो, पण सरासरीनं थोडाच होतो आणि सगळ्यांना होत नाही, असं त्यांतून दिसतं. तेव्हा ‘कविता लिही, सगळं ठीक होईल’ असं कुणी म्हणालं तर मान हलवावी आणि पुढं जावं.

आमच्या आजीला हे सांगायला कुणी अमेरिकेहून आलं नव्हतं. ती पहाटे जात्यावर बसायची. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, पलीकडच्या खोलीत निजलेल्या सासूला सूर कळतो, मजकूर कळत नाही. हात खुंट्यावर गुंतलेले, त्यामुळं कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ओवीचा साचा तयारच असतो, त्यात आपलं दुःख ओतलं की झालं. दळण संपलं की ओवीही संपली, ती कुणाला वाचून दाखवायची नसते. आमच्या बैठकीची सगळी पद्धत मी त्या जात्यावरून उचललीय.

मला कविता जमत नाही. यमक जुळत नाही.

जुळवू नका. छळ म्हणजे काय असतो, तर ठरवायचं काम दुसरा करतो. कधी जेवायचं, कुणाशी बोलायचं, किती वाजता दिवा बंद. कधीकधी आपल्या अंगावर आपला हक्क राहत नाही. कवितेत ओळ कुठं तोडायची हे तुम्ही ठरवता. सुरुवातीला एवढं एक सुख पुरतं.

आम्ही पहिल्या दिवशी यादी करायला देतो. ‘माझ्या माहेरच्या घरातले आवाज’, ‘मी ओलांडलेले दरवाजे’, असलं काहीतरी. यादी करायला कुणी घाबरत नाही, कारण किराण्याची यादी सगळ्यांनीच केलेली असते. एकीनं स्वयंपाकघरातले आवाज लिहिले: कुकर, फोडणी, फळीवरून उतरवलेला डबा. नववी ओळ होती, ‘चप्पल काढल्याचा आवाज’. त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दोन आठवड्यांनी तीच म्हणाली, त्या नवव्या ओळीनंतर एक ओळ रिकामी सोडून पुढं लिहू का? रिकाम्या ओळीची परवानगी मागणारी ती माझी पहिली विद्यार्थिनी.

मराठीत लिहू की कन्नडमध्ये?

आमच्या भागात हा प्रश्न लगेच तापतो, म्हणून आधीच सांगते: माडीवर भाषेचा वाद चालत नाही. तो करायला खाली अख्खं गाव आहे.

घरी मराठी, शाळा कन्नड, मोबाईलवर हिंदी, अशी आमची कित्येक मुलं. ज्या भाषेत शिव्या आणि मार खाल्ला त्या भाषेत त्याबद्दल लिहिणं जड जातं. दुसऱ्या भाषेत शब्द जरा लांब उभा राहतो, त्याला हात लावायला भीती कमी वाटते. निपाणीकडची एक मुलगी सगळं मराठीत लिहायची आणि तो एक शब्द, जो तिच्यावर झालं त्याचं नाव आहे, तो कन्नडमध्ये लिहायची. का, तर मराठीत तो तिला आईच्या आवाजात ऐकू येतो. काहींचं नेमकं उलटं असतं. घरच्या बोलीत लिहिल्याशिवाय ते खरं वाटतच नाही. ‘काय लिहूलीस गं?’ असं आपल्या बेळगावी बोलीत कुणी विचारलं की जे उत्तर येतं, तेच तसंच्या तसं उतरवा. शुद्धलेखन मी तपासत नाही. चाळीस वर्षं तपासलं, पुरे झालं.

घरात वही लपवायला जागा नाही. सापडली तर?

यावर जरा सविस्तर सांगते, कारण इथं चूक झाली तर कवितेपायी मार बसतो.

छळ करणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर वही घरी ठेवू नका. खरंच. मैत्रिणीकडे ठेवा, कामाच्या ठिकाणी ठेवा, नाहीतर लिहा आणि तिथल्या तिथं फाडा. फाडलेलं लिखाणही लिखाणच. मोबाईलला कुलूप असलं तरी अंगठा धरून कुलूप काढून घेणारे नवरे मी पाहिलेत, तेव्हा मोबाईलवर भरवसा टाकू नका. नावं लिहू नका. त्याला ‘पाऊस’ म्हणा, ‘शेजारची म्हैस’ म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

माझी पहिली ओळ टाचणवहीच्या, म्हणजे शाळेतल्या पाठांची तयारी लिहायच्या वहीच्या, शेवटच्या पानावर लिहिली होती. टाचणवही घरात कुणी उघडत नव्हतं, मास्तरणीच्या टाचणात कुणाला रस असणार? पण मुख्याध्यापक दर सोमवारी टाचण तपासून सही करायचे, हे मी विसरले. त्या सोमवारी वही परत आली. शेवटच्या पानावर, माझ्या चार ओळींखाली, त्यांची नेहमीची हिरवी सही आणि तारीख. एक शब्द बोलले नाहीत. ती दयाबुद्धी होती की न वाचताच केलेली सही, हे मला आजवर कळलेलं नाही. पण कुणीतरी बघितलं, या एका शंकेवर मी बरेच दिवस काढले.

आणि वहीच का हवी? वाकळ घ्या. आमच्याकडं जुन्या लुगड्यांची, परकरांची वाकळ शिवतात. कन्नड शेजारणी तिला कौदी म्हणतात. खानापूरच्या काकूंनी मार खाल्लेल्या दिवसांतल्या साड्यांचे तुकडे कापून वाकळ शिवायला घेतलीय. कुठला तुकडा कुठल्या दिवसाचा, ते त्यांनाच ठाऊक. भर ओसरीवर बसून शिवतात, येणाजाणारा म्हणतो, वा, काय बारीक धावदोरा आहे! घराच्या मधोमध लिहिलेली आणि कुणालाच वाचता न येणारी वही आहे ती. एका काळ्या काठाच्या तुकड्यावर त्या तीन आठवडे अडल्या होत्या. शेवटी तो उलटा लावला, सुलट बाजू आत.

चित्र काढायचं तर कशाचं? जे झालं त्याचंच?

मुळीच गरज नाही. जखमेचं, इजा करण्याच्या वस्तूचं हुबेहूब चित्र आम्ही काढू देत नाही. आमच्यात तेवढा एकच कडक नियम आहे. असं चित्र काढणाऱ्याची उबळ जागी करतं, आणि शेजारी बसलेल्याचीही.

जागा काढा. सुरक्षित वाटलेली एक जागा. आमच्यात मामाचं घर फार निघतं, परड्यासकट. कणकुंबीचा पाऊस निघतो. रंगांची भीती वाटत असेल तर माती घ्या. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थासुद्धा तिथंच आहे. मातीचं एक बरं असतं, ती आपटून घेते. कितीही जोरात आपटा, पुन्हा गोळा होतो. राग कुठं काढायचा हे ज्यांना कधी शिकवलंच नाही, त्यांच्या हातात आधी मी मातीचा गोळाच देते.

रांगोळीही चालते. सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पायाखाली जाणार, त्यामुळं चांगली आली पाहिजे असा धाक नाही.

लिहिल्यावर त्रास वाढतो. म्हणजे माझं काही चुकतंय का?

लिहून झाल्यावर तासभर जड वाटणं नेहमीचं आहे. पण झोप उडाली, प्रसंग डोळ्यांसमोरून हलेना, इजा करावीशी वाटायला लागली, तर थांबा. त्या विषयावर लिहिणं बंद. ते दुखणं एकट्यानं उघडायचं नव्हे, जाणकार समोर असताना उघडायचं आहे.

काही पथ्यं आहेत. रात्री झोपताना लिहू नका, दिवसा लिहा. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन ठेवा. नुकतंच घडलं असेल तर लगेच त्यावर लिहायला बसू नका, आधी सुरक्षित जागा, जेवण, झोप. आणि लिहून उठल्यावर हाताला काम हवं. आम्ही शेंगा सोलतो. खोटं वाटेल, पण ओल्या शेंगांची एक पाटी बैठकीचा शेवट नीट करते. मन हळूहळू बोटांत उतरतं.

स्वतःला इजा करणाऱ्याला मरायचंच असतं का? आणि पोलीस केस होते का?

पुष्कळांना मरायचं नसतं. आतलं असह्य झालेलं काही काळ थांबवायचं असतं, किंवा सगळं बधिर झालेलं असताना काहीतरी जाणवायला हवं असतं. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. बहुतेक जण तर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालून लपवतात, मग लक्ष कुणाचं वेधलं? तरी गाफील राहू नये. अशा माणसाला पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सरळ विचारावं, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं. तिला शिक्षा नाही, उलट तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंद होऊ शकते, तिला घाबरू नका. केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात जायला उशीर करतात, तो उशीर जास्त महागात पडतो.

मुलीच्या वहीत असल्या ओळी सापडल्या. काय करू?

आधी वही जागेवर ठेवा. ओरडू नका, रडूही नका निदान तिच्यासमोर, आणि शेजारणीला तर अजिबात सांगू नका. मग दोघीच असताना, भाजी निवडताना वगैरे, समोरासमोर न बसता शेजारी बसून विचारा. ‘मी तुझी वही बघितली, चुकलं माझं. पण मला काळजी वाटतेय.’ खोटं बोलून काढून घेऊ नका, पोरांना कळतं.

ती अठराच्या आत असेल आणि लैंगिक अत्याचाराचं काही पुढं आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकांनाही आणि आम्हा बैठकवाल्यांनाही. म्हणून लहान मुलांना ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मी देत नाही. पहिल्याच दिवशी सांगते: तुला धोका आहे असं वाटलं तर मी मदत मागणार, पण तुझ्याशी बोलून. एका मुलानं त्यावर विचारलं होतं, मग मी तुम्हाला कशाला सांगू? बरोबर होतं त्याचं. सहा महिन्यांनी सांगितलं.

बाप्यांना येता येतं का?

येतात. कमी येतात. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा एक जण मालासोबतच्या चलन-पावतीच्या पाठीमागं लिहून आणतो, काळे ठसे उमटलेले कागद. लहानपणी त्याच्यावर जे झालं ते त्यानं पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. भजनात पखवाज उत्तम वाजवतो, म्हणतो, रडायचं तेवढं त्यातच रडून घेतो. ‘मर्द गडी’ या शब्दानं आमच्याकडच्या पोरांचं किती नुकसान केलंय याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

गावच्या साहित्य संमेलनात माझी कविता वाचू का?

सीमाभागात गावोगाव मराठी संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर ही नावं सगळ्यांना ठाऊक. मंडपात तुमचे काका, वर्गमित्र, कदाचित तो माणूसही बसलेला असतो. माईकवरून गेलेले शब्द परत घेता येत नाहीत, आणि टाळ्यांनंतर मंडप रिकामा होतो तेव्हा तुम्ही घरी एकटेच असता. म्हणून माझं मत: आधी दोन माणसांना वाचून दाखवा, महिनाभर थांबा, तरीही वाचावीशी वाटली तर जरूर वाचा. अल्पवयीन मुलाची कविता त्याच्या नावानं कुणी वाचू-छापू नये. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

मी लिहिलेलं कोर्टात पुरावा होईल का?

कवितेवर केस उभी राहत नाही, आणि त्यासाठी कविता लिहूही नका; ती मग कवितेसारखी मोकळी होत नाही. पुराव्यासाठी वेगळी, कोरडी नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं, कुठल्या दवाखान्यात गेलात. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते. त्यासाठी तालुक्याच्या महिला व बाल विकास खात्याच्या कार्यालयात चौकशी करा. बायकांना आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे. अर्ज कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मी केली होती.

कविता सुरू केलीय, आता गोळ्या बंद करू का?

नाही. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात जा, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे तिथं जा. दवाखान्यात नीट सांगता आलं नाही तर चार ओळी लिहून न्या आणि डॉक्टरांपुढं ठेवा. बोलताना अडणाऱ्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

त्याला माफ केल्याशिवाय मन मोकळं होत नाही म्हणतात. खरं का?

कोण म्हणतं?

शनिवारी येताना काय आणू?

पेन आणा, जुनं असलं तरी चालेल. कागद इथं असतो. चिंध्या असतील तर आणा, काकूंना निळ्या रंगाच्या हव्यात, पाठीमागच्या बाजूला लावायला. जिना अरुंद आहे आणि चौथी पायरी हलते, तेव्हा कठडा धरून या. पहिल्या दिवशी नुसतं बसून चहा प्यायलात तरी चालेल.